घर, हप्ता आणि साठ दिवस



‘घर पाहावे बांधून’ असे वाडवडील म्हणत, तेव्हा त्यांच्यापुढे विटा, लाकूड आणि गवंड्याची मजुरी होती. आज घर होते, वास्तुशांत होते, आणि खरी परीक्षा त्यानंतर वीस वर्षे चालते. आम्ही कामगार चळवळीतले. शाळेचा आणि आमचा संबंध थोडा. परंतु पगारपत्रक आणि बँकेचे पत्र वाचता वाचता जे कळले, ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम गणित पाहू. वीस लाखांचे कर्ज, सात टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत. हप्ता सुमारे १५,५०० रुपये. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. हे अडीच टक्के नव्या कर्जदाराच्या माथी आले की, नुसते व्याजच महिन्याला १५,८०० रुपयांवर जाते. हप्ता जुनाच राहिला तर तो बिनचूक भरूनही कर्ज वाढते! असे होऊ देऊ नका, हप्ता वाढवायचा की मुदत हे कर्जदाराला विचारा, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बजावले. मग ते विचारले गेले की नाही, हे पाहण्याचा हक्क कर्जदाराचा आहे.

थकबाकीदार म्हणजे उधळ्या, ही समजूत आम्हांला मान्य नाही. कारखान्याला टाळे लागते, कंत्राट संपते, घरात आजारपण येते, आणि हप्ता चुकतो. थकबाकी नव्वद दिवसांपलीकडे गेली की खाते अनुत्पादक ठरते. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला दिवाणी दावा न लावता तारण घर विकण्याचा अधिकार दिला आहे. हा कायदा सहकारी बँकांनाही लागू आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात दिला.

परंतु याच कायद्यात कर्जदारासाठीही पायऱ्या आहेत. आधी साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते. कर्जदाराने लेखी हरकत घेतली, तर पंधरा दिवसांत सकारण उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे. बँकेने ताबा घेतला, तर पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. येणे रक्कम मुद्दल व व्याजाच्या वीस टक्क्यांहून कमी उरली असेल, तर हा कायदा वापरताच येत नाही. लिलावाची जाहीर नोटीस निघण्यापूर्वी खर्चासह सर्व येणे भरले, तर घर वाचते. आणि लिलाव झालाच, तर देणे भागून उरलेला पैसा कर्जदाराचा असतो.

हे साठ दिवस कसे जातात, ते आम्ही पाहिले आहे. आमच्या सभासदांपैकी एकाने नोटीस देव्हाऱ्यात ठेवली होती. न फोडता! बायकोला कळू नये म्हणून, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. पाकीट आमच्या हाती आले तेव्हा मुदतीचे चारच दिवस उरले होते. पगार थकला तेव्हा हाच माणूस फाटकावर छाती काढून उभा होता. पगार सर्वांचा थकला होता, म्हणून त्याची लाज नव्हती. कर्ज मात्र एकट्याचे, म्हणून तो एकटाच बुडत होता.

‘कर्ज बुडवा’ असे आम्ही कधीही सांगितले नाही, सांगणारही नाही. बँकेतला पैसा तुमच्याआमच्यासारख्यांच्याच ठेवींचा आहे. आमचे म्हणणे एवढेच की, पहिला हप्ता चुकण्याची चिन्हे दिसताच बँकेत जा. मुदत वाढवून मागा, हप्ता उतरवून मागा, आणि जे मागाल ते लेखी मागून पोच घ्या. वसुलीवाल्याला सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करण्याची मुभा नाही, हेही त्याला सांगा. कर्ज झेपणारच नसेल, तर मन घट्ट करून, बँकेला विश्वासात घेऊन घर स्वतः विका. लिलावापेक्षा चार पैसे जास्त येतात.

आणि गावाकडे एक मागणे. प्रत्येक पेठेत, वाचनालयाच्या ओसरीवर, आठवड्यातून एक संध्याकाळ कुणी वकील, कुणी निवृत्त बँक कर्मचारी बसावा, आणि कुणाचेही पाकीट फोडून वाचून दाखवावे. एवढी सोय झाली, तर नोटीस देव्हाऱ्यात पडून राहणार नाही.