सोळा रस्त्यांच्या गावात आपले स्वागत



पाळी जाण्याच्या वयातले स्त्रीचे हृदय आणि जुने आघात, या विषयावरच्या डॉक्टरांच्या या परिषदेचा स्वागताध्यक्ष एक आडत्या झाला, याचे सर्वांत जास्त नवल माझ्या घरच्यांना वाटले. "रजोनिवृत्ती हा शब्द तरी कधी तोंडातून काढलाय का?" असे सौभाग्यवतींनी विचारले. काढला नव्हता. आज भर सभेत काढतो आहे, गोड मानून घ्यावे.

राष्ट्रकूट स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत. ते लट्टलूर म्हणजे हे लातूर. पण त्या वाटेला गेलो तर आपले जेवण निवेल. गंजगोलाईविषयी मात्र बोलणारच. मधोमध जगदंबेचे देऊळ, भोवती गोलाकार दुमजली बाजार आणि चहूकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. एका रस्त्याला सोने, दुसऱ्याला गूळ, पुढे मिरचीचा ठसका. हा आराखडा फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराचा. रोज गोलाईला वळसा घालणाऱ्यांना विचारा, हे नाव सांगणारा एखादाच निघेल. माझे वडील सांगत. बाजार पडला की म्हणत, "फैयाजुद्दीननं सोळा रस्ते दिलेत, कुठून तरी गिऱ्हाईक येईलच." हृदयाला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या वाहिन्या जेमतेम दोन-तीन, हे मला परवा कळले. तो नकाशाही फैयाजुद्दीनकडेच द्यायला हवा होता!

परिषद लातूरलाच का, असे एका पाहुण्यांनी फोनवर विचारले. ३० सप्टेंबर १९९३ म्हणून. गणपती विसर्जन करून माणसे झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि किल्लारी-सास्तूर भागातली दगडमातीची माळवदे खाली आली. तेव्हा ज्या मुली सतरा-अठराच्या होत्या, त्यांची पाळी आता जाते आहे, गेली आहे. त्या वयात इस्ट्रोजेन ओसरते, कोलेस्टेरॉल चढते, रक्तवाहिन्या ताठरतात. आणि जुना धसका तेव्हाही अंगातून गेलेला नसतो, असे आयोजकांनी मला समजावले. अमेरिकेत पिट्सबर्गच्या रिबेका थर्स्टन यांनी याच वयाच्या २७२ स्त्रिया तपासल्या. तीन किंवा अधिक आघात सोसलेल्यांच्या रक्तवाहिन्या गरजेला नीट रुंदावत नव्हत्या. जपानात २००४च्या निइगाता भूकंपानंतर 'ताकोत्सुबो' नावाच्या हृदयविकाराचे रुग्ण वाढले, त्यांत वयस्क बायकाच जास्त. या शब्दाचा अर्थ ऑक्टोपस पकडायचे मडके. पुढचे आपण जाणता.

मी जाणतो ते एवढेच : आमच्या आडतीवर तूर निवडायला एक मावशी येतात. किल्लारीकडच्या. दुकानाचे शटर जोरात खाली आले की त्यांच्या हातातले सूप थांबते, दुसरा हात छातीवर जातो. अजून उन्हाळा-पावसाळा दाराकडे डोके करून निजतात. धडधड होते, घाम फुटतो म्हणून त्या दवाखान्यात गेल्या, तर 'गॅस' म्हणून गोळ्या मिळाल्या. गेल्या वर्षी एका डॉक्टर बाईंनी बीपीचा पट्टा गुंडाळता गुंडाळता विचारले, "त्या रात्री तुम्ही कुठे होता?" मावशी तासभर बोलल्या. बाहेर रांग खोळंबली, आणि रांगेत मीही होतो, कुरकुरत.

आता क्षमायाचना. निवासात एका मजल्यावर गरम पाणी सकाळी सातपर्यंतच येईल. पाण्याची नासाडी करू नये. एप्रिल २०१६ मध्ये आम्ही मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायलो आहोत, नळ टपकला की झोप लागत नाही. माईक मधूनच शीळ घालतो, म्हणून दुसरा सांगितला आहे. पिशव्यांवर 'हृदय'मधला ऋकार छापताना गळाला, तो मनात वाचावा. मंडपवाले, आडत बाजारातील देणगीदार, सतरंज्या देणारे भजनी मंडळ, आणि नाव घेऊ नका म्हणून दम देऊन मोठी रक्कम पाठवणाऱ्या त्या माउली, सर्वांचा मी ऋणी आहे.

दुपारच्या वरणाची डाळ मावशींनीच निवडली आहे. तरी खडा लागलाच, तर तो माझ्या खात्यावर मांडावा.