सेवानिधी घ्यावा की वर्दी ठेवावी?
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘बचतीचे महत्त्व’ असे छापले आहे. पण परवा विषय बदलला. आपल्याच सोसायटीतला एक मुलगा सुटीवर आला आहे. अग्निवीर, अगदी पहिल्या तुकडीतला. संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला, “काकाजी, एक हिशेब करून द्या. चार वर्षं झाली की तिथंच राहू, का पैसे घेऊन येऊ? बाबा म्हणतात, पैसे घे. मला राहायचं आहे.” त्याला विचारूनच हे सांगतो आहे.

हिशेब असा. योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली. महिना पहिल्या वर्षी ३०,००० रुपये, मग ३३,०००, ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले ३० टक्के सेवानिधीत कापतात. चार वर्षांत मुलाचे ५ लाख २ हजार जमतात, तेवढेच सरकार घालते. व्याजासह सुमारे ११.७१ लाख, करमुक्त. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. आणि जाहीर झाले तेव्हाच्या अटीप्रमाणे कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के.

आता आपले पोट्टे जिथे गडबडतात ती गोष्ट. कायम झाला तर सरकारचा वाटा मिळत नाही. स्वतःचे कापलेले पैसे आणि त्यावरचे व्याज, एवढेच. म्हणजे रक्कम निम्म्यावर. अमेरिकेच्या फौजेत उलटे आहे. गरजेच्या कामातला शिपाई पुन्हा सही करून राहिला की त्याला बोनस देतात. आपल्याकडे जाणाऱ्याला रोख, राहणाऱ्याला पुढे किमान १५ वर्षांची नोकरी आणि पेन्शन. बाबांच्या डोळ्यांपुढे फ्लॅटचे कर्ज आणि मुलीचे लग्न. त्यांना सहा लाखांचा तोटा दिसतो. त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. कर्जाचा हप्ता कोणासाठी थांबत नाही, हे मी जन्मभर लोकांना सांगत आलो.

पण मी स्वतः काय केले ते ऐका. क्लार्क असताना अधिकारीपदाची बढती दोनदा नाकारली. बदली नको, घर इथे, ओव्हरटाइमही बरा मिळायचा. तिसऱ्यांदा सौभाग्यवतीने रागावून फॉर्म भरायला लावला. निवृत्तीच्या वेळी पेन्शनचा आकडा आला, तेव्हा त्या आठ वर्षांच्या ओव्हरटाइमची खरी किंमत कळली.

फौजेतही अशी वाट आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. कायम झालेल्या, बारावी पास जवानाला दोन वर्षे सेवेनंतर आणि २७ वर्षांच्या आत आर्मी कॅडेट कॉलेजची परीक्षा देता येते. मग एसएसबीचे पाच दिवस. ते जमले तर देहरादूनला तीन वर्षे, पदवी तिथेच, आणि नंतर एक वर्ष आयएमए. बाहेर पडतो तो लेफ्टनंट. सुभेदारांना निवृत्तीच्या सुमारास मिळणारा मानद हुद्दा वेगळा, हा पूर्ण अधिकारी.

कारवारकडचे राम राघोबा राणे १९४० साली बॉम्बे सॅपर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले. ब्रह्मदेशच्या लढाईत हवालदार झाले. १५ डिसेंबर १९४७ ला सेकंड लेफ्टनंट. चारच महिन्यांनी, एप्रिल १९४८ मध्ये, नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग त्यांनी जखमी मांडीनिशी काढले, रणगाड्यांना वाट करून दिली. परमवीरचक्र मिळाले. १९६८ साली मेजर म्हणून निवृत्त झाले, तरी १९७१ पर्यंत पुन्हा सेवेत होते.

सगळे राणे होत नाहीत, हे मलाही कळते. आणि चारातला एक होणे मुलाच्या एकट्याच्या हाती नाही. म्हणून मी त्याला दोन कागद करून दिले, एक घरी आल्याचा, एक राहिल्याचा. बाबा दुसऱ्या रांगेत बसले आहेत. भाऊ, रविवारी नऊनंतर या, कर्जाचे पासबुक आणा. हप्ता कमी करून मुदत वाढवता येते का, ते बँकेत विचारू. चहा माझ्याकडे.