छाटणीचे दिवस

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'ऋतू आणि लेखन' असा विषय दिला आहे. आपल्यापैकी बरेच जण लिहितात. कोणी दिवाळी अंकाला कथा पाठवतो, कोणी निवृत्तीनंतर आठवणी लिहायला घेतल्या आहेत, कोणाच्या कपाटात कवितांची वही आहे आणि ती घरच्यांनाही ठाऊक नाही. आज चहाच्या वेळी यांतल्या तिघा-चौघांकडून मी एकच वाक्य ऐकले : "हल्ली काही सुचत नाही, संपले बहुतेक." मी त्या वाक्यावरच बोलणार आहे.

आपल्या दोन जिल्ह्यांना एकच एक ऋतू कधी मिळालेला नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास झाला, तरी वर्ष बरे गेले म्हणतात. पुढे माणगंगेच्या काठाने सांगलीच्या आटपाडीत उतरले की तीच कोरडी हवा. आता गंमत पाहा. शंकरराव खरात आटपाडीचे. ग. दि. माडगूळकर आणि व्यंकटेश माडगूळकर हे बंधू तिथून जवळच्या माडगूळचे. पाऊस ज्या भागाकडे पाठ फिरवतो, त्या भागाने मराठीला एवढे दिले! 1955 साली आलेल्या 'बनगरवाडी'त शेवटी दुष्काळ पडतो आणि गाव रिकामे होते. त्या रिकामेपणाकडे कोणीतरी नीट पाहत राहिले, म्हणून ती कादंबरी झाली. कोरडा काळ हा लेखनाचा शत्रूच असतो, असे मानायचे कारण नाही.

यावर कोणी म्हणेल, ऋतूची वाट पाहत बसलो तर लिहिणार कधी? खरे आहे. त्याच 1955 च्या 1 एप्रिलला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. आठवड्याला एक गाणे, वर्षभरात 56 गाणी. मधे उन्हाळा आला, पावसाळा आला, थंडी आली. गाणे चुकवायची सोय नव्हती. पण याच गदिमांनी माडगूळच्या शेतातली एक जागाही राखली होती. 'बामणाचा पत्रा' म्हणून ती आजही ओळखली जाते. पुण्या-मुंबईच्या धावपळीतून ते तिथे जात, राहत, लिहीत. नेमून दिलेले काम वेळेवर करणारा माणूस आपली विसाव्याची जागाही सांभाळून होता. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधी नाहीत.

आपली अडचण वेगळीच आहे. 1909 साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचा एक स्वतंत्र हंगाम ठरून गेला. अंक दिवाळीत हवा, म्हणजे लेखन पावसाळ्यात हवे. संपादकांचे फोन आषाढ-श्रावणात सुरू होतात. हवा कोंदट, अंगात आळस, गुडघे कुरकुरतात, ऊन दिसत नाही, आणि आपण रात्री जागून शेवटची पाने पूर्ण करतो. दिवाळी झाली की एकदम सारे शांत. हातात काम नाही, डोक्यात विषय नाही. मग ते वाक्य येते : "संपले बहुतेक."

इथे मला तासगावच्या द्राक्षबागा आठवतात. आपल्यातले बागायतदार माझ्यापेक्षा जास्त सांगतील. वेलीची वर्षात दोनदा छाटणी होते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड दिसतात, म्हणून तिचे कौतुक. पण एप्रिलची खरड छाटणी पाहिली आहे का? माल निघालेला असतो, बागेला थोडी विश्रांती दिलेली असते, आणि भर उन्हात वेल खुंटापर्यंत छाटतात. अनोळखी माणसाला वाटेल, बाग मेली. पण नंतरच्या दीड-दोन महिन्यांत जी नवी काडी फुटते, तिच्या डोळ्यांमध्ये पुढच्या हंगामाचा घड तयार होत असतो. बागायतदार त्याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. डोळ्याला काही दिसत नाही, बाजारात काही जात नाही, आणि पीक तिथे ठरते. त्या दिवसांत काडीला ऊन मिळाले नाही, तर ऑक्टोबरला कितीही खत घाला, घड कमी लागतात.

मित्रहो, ज्याला आपण 'सुचत नाही' म्हणतो, ते बऱ्याचदा हे एप्रिलचे दिवस असतात. त्यात मुद्दाम लिहायला बसण्यापेक्षा ऊन खाणे महत्त्वाचे. म्हणजे वाचणे, चालणे, लोकांचे ऐकणे, झोप पुरी करणे. हा आळस नव्हे, हंगामाचेच काम आहे.

मात्र प्रत्येक कोरडी वेल विश्रांतीत असते असे नाही. कधी ती खरोखर आजारी असते. जाणता माणूस काडीची साल नखाने किंचित खरवडतो. आत हिरवे दिसले की निर्धास्त होतो. आपणही स्वतःला तसे तपासावे. लिहवत नाही, पण वाचावेसे वाटते का? जेवण गोड लागते का? नातवंडे आली की बरे वाटते का? उत्तर 'हो' असेल तर आत हिरवे आहे, थांबा. पण झोप उडाली, अन्न नकोसे झाले, माणसे नकोशी झाली आणि हे आठवडेच्या आठवडे चालले, तर तो ऋतू नव्हे. तेव्हा डॉक्टरांकडे जायचे, आणि घरात कोणाला तरी सांगायचे. आपल्या पिढीला हे सांगणे जड जाते, म्हणून आज मुद्दाम बोललो.

बाकी साधी वाटणी करता येते. पावसाळ्यात चातुर्मासात पोथी वाचायची आपली जुनी रीत आहे. तो काळ वाचनाचा आणि टिपणांचा ठेवावा. दिवाळी अंकाचे लेखन वैशाखातच, पहाटेच्या गारव्यात, हातावेगळे करून ठेवावे. श्रावणात फक्त हात फिरवायचा. थंडीत लांब बैठक जमते, तेव्हा मोठे काम घ्यावे. पण आधी कोवळ्या उन्हात फिरून यावे, कारण थंडीत माणूस खुर्चीला चिकटतो.

आणि एक सांगलीकरांसाठी. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी 45 फूट. त्या पुरात शहरात हजारो पुस्तके भिजली. हरिपूरला हळद साठवायची पेवे होती. जमिनीखाली हळद वर्षानुवर्षे टिकायची. 2005 च्या महापुरात त्यांतली बरीच निकामी झाली. साठवण कितीही जुनी आणि भक्कम असो, पाणी विचारत नाही. तेव्हा वह्या खालच्या कप्प्यात ठेवू नका. पावसाळ्याआधी त्यांचे फोटो काढून मुलांकडे पाठवा. त्या निमित्ताने मुले दोन पाने वाचतील, हा वरचा फायदा.

पुढच्या मेळाव्यात कोणी मला म्हणाले, "काही सुचत नाही," तर मी एवढेच विचारीन : कोणता महिना चालू आहे, आणि ऊन मिळते आहे ना?