सरांच्या प्लेअरवर न चाललेली डिस्क
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आयोजकांनी मला संगणक क्षेत्रातल्या अनुभवांवर बोलायला सांगितलं. मी त्यातली एक चूकच सांगणार आहे. विज्ञानाचे आपले सर समोर बसले आहेत. कालच फोन करून त्यांची परवानगी घेतली. म्हणाले, "सांग की, पोरांच्या उपयोगी पडेल." सर, पोरं आता सेहेचाळीसची झाली!

आपल्या निरोप समारंभाची व्हीएचएस कॅसेट आठवते? २००७ मध्ये मी ती पुण्याला नेली, व्हीसीआर संगणकाला जोडून सगळा कार्यक्रम उतरवून घेतला आणि डिस्क बर्न केल्या. एक सरांना दिली. मराठीच्या बाईंचं, म्हणजे सरांच्या सौंचं, निरोपाचं भाषण त्यात पूर्ण होतं.

आठवड्याभरात सरांचा फोन आला. "अगं, प्लेअर 'नो डिस्क' म्हणतो." मी म्हटलं, "प्लेअर जुना झाला असेल, सर. माझ्याकडे तर छान चालते." महिन्याने बाईंचा फोन. "लेन्स पुसून घेतली गं, तरी नाही लागत." मी म्हटलं, "पुढच्या खेपेला बघते." ती खेप वर्षाने आली. तोवर बाई गेल्या होत्या.

पंचवटीतल्या घरी डिस्क टीव्हीशेजारी कव्हरमध्ये जपून ठेवलेली होती. लॅपटॉपमध्ये घातली आणि दोन मिनिटांत कळलं, चूक माझीच. मी डिस्कवर नुसती एव्हीआय फाइल टाकली होती. संगणकात ती उघडणारा प्रोग्रॅम असतो, म्हणून तिथे चालायची. सरांच्या साध्या प्लेअरला हवा होता 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर, त्यात आयएफओ आणि व्हीओबी फाइली. चित्र एमपेग-२ मध्ये, आपल्याकडच्या पाल पद्धतीचं, सेकंदाला २५ फ्रेम, ७२० बाय ५७६. शिवाय डिस्क शेवटी फायनलाइज करावी लागते. ती उघडी राहिली तर बरेच प्लेअर ती वाचत नाहीत. हे सगळं मला शिकून घेता आलं असतं. मी सरांच्या प्लेअरला दोष देऊन मोकळी झाले. आमच्या धंद्यात एक बदनाम वाक्य आहे, "माझ्या मशीनवर तर चालतं." तेच मी माझ्या सरांना ऐकवलं होतं.

पुढच्या शनिवारी नवी डिस्क घेऊन आले. कमी वेगाने बर्न केलेली, शेजाऱ्यांच्या प्लेअरवर लावून पाहिलेली. सरांच्या टीव्हीवर बाई आल्या, बोलल्या, भाषण संपलं. सर काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने रिमोट माझ्या हातात दिला. "पुन्हा लाव."

आपण नाशिककर. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. त्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ची चार रिळं होती. आज पहिलं आणि शेवटचं एवढीच उरली आहेत, आणि तीही १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या चित्रपटाची असावीत, असं काही अभ्यासक म्हणतात. एवढ्या मोठ्या कामाची ही गत, तर आपल्या बारशांच्या आणि लग्नांच्या डिस्कचं काय? घरी बर्न केलेल्या डिस्कवर रंगाचा पातळ थर असतो, त्यावर सगळं लिहिलेलं असतं. ऊन, उष्णता आणि दमटपणाने तो खराब होतो. आणि डिस्क टिकली तरी प्लेअर कुठे उरलेत? नव्या लॅपटॉपला डिस्क घालायला जागाच नसते.

म्हणून मागच्या टेबलावर मी डीव्हीडी ड्राइव्ह आणून ठेवला आहे. ज्यांनी घरच्या डिस्क आणल्या आहेत, त्यांनी द्या. आज उतरवून देते. एक प्रत घरी ठेवा, दुसरी मुलांकडे किंवा भावंडांकडे.

आणि आपल्या निरोप समारंभाचा पेनड्राइव्ह प्रत्येकाला मिळणार आहे. घरी गेल्यावर तुमच्याच टीव्हीला लावून बघा. नाही चालला तर मला लगेच फोन करा. टीव्ही जुना असेल, असं मी म्हणणार नाही. सर, तुमच्याकडे मी आज संध्याकाळी येतेय. बाई बोलायला लागल्या की मगच निघेन.