आधी माप, मग मोल
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



या व्याख्यानमालेत साहित्य आणि संगीत यांवर विद्वानांची भाषणे झाल्यानंतर आम्ही इंजिनाविषयी बोलायला उभे राहावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु ज्या बन्नीमंटपात आपण जमलो आहोत, त्या जागेशी या विषयाचे नाते आहे. बन्नी म्हणजे आपली शमी. अज्ञातवासात जाताना पांडवांनी आपली शस्त्रे शमीवर लपवून ठेवली आणि वर्ष सरल्यावर ती उतरवली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. विजयादशमीला जंबूसवारी राजवाड्यापासून निघून येथे येते. रात्री येथल्या मैदानावर मशालींचे संचलन होते आणि जवान मोटारसायकलींवर कसरती करतात. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपण घरच्या यंत्रांना हळदकुंकू वाहतो. तेव्हा अनेक वर्षे झाकून ठेवलेले यंत्र पुन्हा चालते करताना काय विकत घ्यावे आणि काय घेऊ नये, हा प्रश्न या जागी अप्रस्तुत ठरू नये.

येथून जवळच, यादवगिरीत, आयडियल जावा कंपनीचा कारखाना होता. चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या परवान्याने १९६१ साली तेथे उत्पादन सुरू झाले. पुढे सत्तरच्या दशकात या गाड्या येझदी या नावाने निघू लागल्या, आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. एक सिलिंडर, दोन सायलेन्सर आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागणारे टू-स्ट्रोक इंजिन, असे या गाडीचे रूप होते. या इंजिनाला पाण्याचे अभिसरण नाही. सिलिंडरभोवतीच्या पंखांवरून वाहणारा वारा हाच त्याचा आधार. २०१८ साली जावा हे नाव बाजारात परतले, पण त्या नव्या गाड्यांचे इंजिन फोर-स्ट्रोक आणि द्रवाने थंड होणारे. त्याचा पिस्टन जुन्या गाडीच्या कामाचा नाही. म्हणून जुन्या गाडीच्या मालकाला उरलासुरला जुना साठा किंवा इतरांनी नव्याने घडवलेले सुटे भाग, यांवरच भिस्त ठेवावी लागते.

आमच्या वडिलांची जावा अशीच कित्येक वर्षे पोत्याखाली उभी होती. ती बाहेर काढली तेव्हा सिलिंडर मूळच्या मापाचा होता, एकदाही बोअर न केलेला. या इंजिनाचा बोअर ६५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर. सिलिंडर झिजला की तो किंचित मोठा करून मोठा पिस्टन बसवतात. ही वाढ साधारणतः पाव-पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी एक मिलिमीटरपर्यंत नेतात. म्हणजे सिलिंडरला जणू चार पुनर्जन्म असतात. आमच्या सिलिंडरला पाव मिलिमीटर पुरेसे झाले असते. पण एका विक्रेत्याने ‘जास्त ताकदीचे’ किट दाखवले. त्यातील पिस्टन अर्ध्या मिलिमीटरच्या वाढीचा, माथा उंच, म्हणून दाब अधिक. आम्ही मोहात पडलो. डब्यावर छापलेले माप खरे धरून आम्ही सिलिंडर बोअर करवून घेतला. पिस्टनला मायक्रोमीटर लावून पाहिलाच नाही. चामुंडी टेकडीचा चढ अर्धा झाला आणि इंजिन जाम होऊन मागचे चाक घसटले. सिलिंडर उघडला तेव्हा आत ओरखडे होते. ते काढता काढता माप एक मिलिमीटरवर गेले. वडिलांनी पुष्कळ वर्षे जपलेले चारही जन्म आम्ही एका पंधरवड्यात संपवले. आता पुन्हा झीज झाली तर आत नवी स्लीव्ह बसवावी लागेल. गाडी चालेल, पण ज्या लोखंडावर वडिलांचा प्रवास झाला, ते लोखंड पिस्टनला लागणार नाही.

या चुकीचे कारण समजून घेण्याजोगे आहे. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. म्हणून दोहोंमध्ये केसाच्या जाडीएवढी मोकळीक ठेवावी लागते, आणि ती हातातील पिस्टन मोजूनच ठरते. दाब वाढवला की उष्णता वाढते. पंख मात्र तितकेच राहतात. आणि लाभ किती? बोअर ६५ वरून ६६ मिलिमीटर केला तरी इंजिनाचे आकारमान जेमतेम तीन टक्क्यांनी वाढते.

परदेशी असलेल्या आपल्या मंडळींपैकी कोणाच्या गॅरेजात जुनी पोर्शे ९११ असेल, तर हाच न्याय तेथेही लागू आहे. १९९८ पर्यंत या मोटारीचे इंजिन हवेने थंड होत असे. १९७३ च्या कॅरेरा आरएस या मॉडेलसाठी कारखान्याने बोअर ८४ वरून ९० मिलिमीटरवर नेला, आणि त्यासाठी ॲल्युमिनियमच्या सिलिंडरांवर निकासिल नावाचा कठीण लेप दिला. पुढे हे २.७ लिटरचे इंजिन सर्वसाधारण गाड्यांत आले तेव्हा उष्णतेमुळे मॅग्नेशियमच्या क्रँककेसमधून स्टड उपटून येण्याच्या तक्रारी सुरू झाल्या. अखेर कारखान्याला ॲल्युमिनियमच्या क्रँककेसकडे वळावे लागले. मोठा पिस्टन विकत घेता येतो; त्याची उष्णता सोसणारे बाकीचे इंजिन त्याच डब्यातून येत नाही.

म्हणून अनुभवाने शिकलेल्या चार गोष्टी सांगतो. पहिली, इंजिन उघडून सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा मोजावा, आणि मगच किटाची चौकशी करावी. झीज निघेल तेवढीच, सर्वांत लहान वाढ घ्यावी. दुसरी, पिस्टन हाती आल्यावर त्याच्या मापाने सिलिंडर बोअर करावा, डब्यावरच्या आकड्याने नव्हे. रिंग सिलिंडरात ठेवून तिच्या टोकांतील फट फीलर गेजने पाहावी. तिसरी, किटात काय आहे यापेक्षा काय नाही ते आधी पाहावे. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकची ऑइल सील गळकी असली तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. अशा वेळी उत्तमातला उत्तम पिस्टनही वाचत नाही. चौथी, नवे इंजिन पहिले काही शे किलोमीटर सबुरीने, वेग बदलत आणि चढ टाळून चालवावे.

वेगाची हौस आम्ही वाईट म्हणत नाही. पण ज्याचा कारखाना उरला नाही, त्या यंत्रातला प्रत्येक पाव मिलिमीटर हा वारसा आहे. तो आपण खर्चतो तेव्हा पुढच्या पिढीच्या वाट्याचे खर्चतो. पांडवांनी शमीवरून शस्त्रे उतरवली ती जशीच्या तशी कामी आली, कारण ठेवताना ती जपून ठेवली होती. यंदा दसऱ्याला बन्नीची पाने सोने म्हणून एकमेकांच्या हाती देताना, ज्यांच्या घरी अशी एखादी जुनी गाडी पोत्याखाली उभी असेल त्यांनी किटाची किंमत विचारण्याआधी एक मायक्रोमीटर मागून आणावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.