क्लच सुटत नाही तेव्हा

दिवाळी आटोपली, धान घरात आलं की वडशाला रात्र राहत नाही. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्या पडदे, पेट्या, कलावंत, वादक असं सगळं गाडीत भरून कुरखेडा, सिंदेवाही, मूल, चामोर्शीकडे निघतात आणि उजाडता उजाडता परततात. अशाच एखाद्या रात्री वळणावर गाडी थांबते. चालक क्लच दाबून पहिला गिअर टाकायला जातो, तर खालून घर्रर्र! आणि मागच्या बाकावरून निदान येतं, ‘क्लच प्लेट गेली.’

या निदानाशी आज मला भांडायचं आहे. प्लेट झिजली की इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी चढ चढत नाही. तिथे क्लच पकडत नसतो. आपलं दुखणं याच्या अगदी उलट आहे. इथे क्लच सुटत नाही. पायडल पूर्ण दाबलं तरी इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना सोडत नाहीत. म्हणून गिअर पडत नाही, किंवा पडला तर क्लच दाबलेला असतानाही गाडी पुढे रेटते.

क्लच दाबल्यावर प्रेशर प्लेट जेमतेम एक-दीड मिलिमीटर मागे सरकते. तेवढ्यात क्लच प्लेट मोकळी व्हायची असते. तुमच्या पायापासून त्या प्लेटपर्यंतच्या वाटेत कुठेही थोडी हालचाल वाया गेली, तर प्लेट घासत राहते. म्हणून शोध पायापासून सुरू करायचा. गिअरबॉक्स उतरवणं हे शेवटचं काम. आपल्याकडे बऱ्याचदा ते पहिलं होतं, कारण मजुरी तिथेच असते!

आधी खात्री करून घ्या. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. बंद गाडीतही कांडी अडत असेल, तर दोष गिअरच्या कांडीत, तिच्या जोडणीत किंवा गिअरबॉक्समध्ये शोधा. बंद असताना लोण्यासारखे पडणारे गिअर इंजिन चालू होताच अडत असतील, तर क्लच सुटत नाही हे नक्की. आणखी एक कसोटी आहे. इंजिन मंद चालू ठेवा, क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. बहुतेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला वेग जुळवून घेणारा सिंक्रोनायझर नसतो, त्यामुळे तो काही लपवत नाही. थांबूनही घर्र वाजलं, तर प्लेट अजून फिरते आहे.

आता पायाखाली बघा. चिखलाच्या भीतीने एकावर एक दोन-तीन मॅट घातलेल्या गाड्या मी रोज बघतो. पायडल तळाला पोहोचतच नाही! मॅट काढा आणि पुन्हा तपासा. मग पायडल हाताने हलकं दाबा. सुरुवातीला ते थोडं मोकळं जायला हवं, साधारण 15 ते 25 मिलिमीटर. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. मोकळेपणा फार झाला की क्लच सुटत नाही, अजिबात उरला नाही की तो घसरतो. ताडोब्यातल्या जुन्या जिप्सींसारखी केबल असेल, तर ती ताणली आहे का, आतल्या तारा उसवल्या आहेत का, हे बघा.

तेलावर चालणाऱ्या क्लचची गोष्ट वेगळी. पायडल दोन-चार वेळा भराभर मारल्यावर गिअर पडत असेल, तर आत हवा शिरली आहे किंवा सिलिंडरचे रबर थकले आहेत. दाबून धरलेलं पायडल आपोआप खाली बसत असेल, तर संशय मास्टर सिलिंडरवर घ्या. क्लचच्या टाकीतलं तेल कमी दिसलं म्हणून हाताला लागेल ते इंजिन ऑइल मात्र ओतू नका. त्याने रबर फुगतात आणि मग सगळंच बदलावं लागतं.

शेवटी एकाला पायडल दाबायला सांगून दुसऱ्याने गिअरबॉक्सजवळचा दांडा किती सरकतो ते पाहावं. दांडा पूर्ण सरकूनही क्लच सुटत नसेल, तरच दोष आत आहे. नुकतीच नवीन प्लेट टाकलेली असेल, तर ती उलटी बसली का, की गिअरबॉक्स चढवताना तिच्यावर भार येऊन ती वाकली, हे कारागिराला विचारा.

जुलै ते सप्टेंबर ताडोब्याचा कोअर भाग बंद असतो. त्या काळात उभ्या राहिलेल्या गाडीत दमटपणामुळे प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटू शकते. चिखलणीतून काढून पडवीत उभ्या केलेल्या ट्रॅक्टरचंही तेच होतं. बऱ्याच ट्रॅक्टरना क्लच दाबून अडकवून ठेवायची कडी असते, ती याचसाठी. हंगाम संपला की ती लावत चला. कडी नसेल, तर पायडल दाबून धरायला लाकडाचा तुकडा चालतो.

आणि आलापल्लीहून भामरागडकडे जाताना, मोबाइलला रेंज नसलेल्या जंगलात हा प्रसंग आला तर? सपाट जागी इंजिन बंद करा, पहिला गिअर टाका, समोर माणूस किंवा जनावर नाही ना ते पाहा. मग क्लच दाबून ठेवून स्टार्टर मारा. गाडी हिसका देऊन निघेल. वेग आला की ॲक्सिलरेटर सोडा, कांडी न्यूट्रलला आणा, इंजिनचा आवाज उतरू द्या आणि हलक्या हाताने दुसरा गिअर टाका. पडत नसेल, तर जोर करू नका, पहिल्यातच चालवा. थांबायचं झालं, तर आधी न्यूट्रल आणि मग ब्रेक. चढावर मात्र थांबू नका, कारण तिथून स्टार्टर गाडी उचलेलच असं नाही.