या, बसा!



आपल्या मानोरा तालुक्यात कुणाच्याही दारात पाहुणा आला की घरातून पहिला शब्द येतो, "या, बसा!" पाणी मागाहून, चहा त्याच्याही मागाहून. तांड्यावर बाज टाकतील, गावात सतरंजी अंथरतील, पण माणसाला उभे ठेवणार नाहीत. जुन्या कापड दुकानातही हीच रीत. शेठ गादीवर, गिऱ्हाईक गादीवर, आणि तागे उलगडणारा नोकरही तिथेच मांडी घालून बसलेला. भावाची घासाघीस व्हायची ती बसून. आज मी बोलणार आहे ते या दोन साध्या शब्दांविषयी.

गेल्या रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेसाठी माझी एक जुनी विद्यार्थिनी गावी आली होती. बारावीनंतर ती शहरात गेली आणि एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात लागली. आता ही दुकाने तुम्हीही पाहिली असतील. तीन मजले, थंड हवा, काचेची दारे, वर-खाली नेणारा सरकता जिना. पोर घरी आली, आमच्या मंडळींनी नेहमीप्रमाणे म्हटले, "ये बाई, बस." तर ती भिंतीला टेकून बसली, पाय लांब केले आणि हसून म्हणाली, "सर, तिथं दिवसभर बस म्हणणारं कोणीच नाही जी."

मी विचारले, "म्हणजे काय?"

"म्हणजे बसाले मनाईच हाये. गिऱ्हाईक नसलं तरी उभंच राहा लागते. बसलेलं दिसलं की साहेब बोलते. आम्ही दुकानाचे नोकरही नाही, ठेकेदाराची माणसं. माल मोजताना एखादा नग कमी आला की सगळ्यांच्या पगारातून कापतात. सेलच्या दिवसांत सुटी नाही."

मी तिच्या पायांकडे पाहिले. घोट्यापाशी सूज होती. बावीस वर्षांच्या पोरीचे पाय, आणि सूज साठीच्या बाईची!

मंडळी, इथवर ऐकून मला त्या दुकानवाल्याचा राग आला. पण पुढे ती सहज बोलून गेली, "सगळ्यांत तरास दुकान बंद व्हाच्या वक्ताले होते सर. लोक शेवटच्या दहा मिनिटांत येतात, वीस शर्ट उघडतात, एक घेतात. त्या घड्या घालता घालता तास जाते. त्या तासाचा पैसा नाही."

हे ऐकून मी गप्पच झालो. कारण मागच्या दिवाळीत मी अशाच एका दुकानात रात्री उशिरा शिरलो होतो. बारा-चौदा शर्ट उलगडून पाहिले, एक घेतला, आणि 'एकावर एक फुकट' मिळाला म्हणून गावभर सांगत सुटलो. ते फुकट कुणाच्या पदरचे होते, हे मला या पोरीने सांगितले. तिने मला दोष दिला नव्हता, तरी तो मला लागला.

आपण शेतकरी माणसे. बाजार समितीत माल नेला आणि कडता कापला की आपला जीव कसा जळतो! भाव पाडून घेणाऱ्याला आपण काय काय बोलतो! पण पिशवी घेऊन दुकानात शिरलो की आपणही 'आणखी स्वस्त, आणखी स्वस्त' म्हणतो. नग कमी आला म्हणून पोरीच्या पगारातून जे कापतात, तो कडताच नव्हे काय?

दुकानात बसण्याचा हा प्रश्न आजचा नाही. इंग्लंडात १८९९ साली यासाठी खास कायदा झाला. दुकानात काम करणाऱ्या दर तीन स्त्रियांमागे निदान एक बैठक ठेवलीच पाहिजे, असा. त्याच दशकात न्यूयॉर्क शहरातल्या गिऱ्हाईक बायकांनी एकत्र येऊन एक 'पांढरी यादी' छापली. नोकर स्त्रियांना नीट वागवणाऱ्या दुकानांची नावे तिच्यात असत, आणि खरेदी अशाच दुकानांतून करावी असे सांगितलेले असे.

आपल्या देशाकडे या. केरळात कोझिकोडच्या दुकानांतल्या बायकांनी पी. विजी यांच्या पुढाकाराने 'पेनकूट्टू' नावाची संघटना बांधली. मागणी काय, तर बसायला जागा आणि लघवीला जायची सोय. २०१८ साली केरळ सरकारने कायदा बदलून बसण्याचा हक्क मान्य केला. २०२१ साली तामिळनाडूनेही तेच केले.

महाराष्ट्रालाही या बाबतीत जुनी परंपरा आहे. गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने, १८९० साली. दुकानांतल्या नोकरांसाठी मुंबई इलाख्यात १९३९ साली कायदा झाला, आणि आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात १९४७ साली. पुढे २०१७ च्या राज्य कायद्याने दहा किंवा अधिक कामगारांच्या दुकानात दिवसाला ९ तास काम, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, आठवड्याला एक सुटी आणि जादा कामाला दुप्पट मोबदला असे ठरवले. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र राज्य मंत्रिमंडळाने ९ चे १० तास आणि दहाऐवजी वीस कामगार, अशा बदलाला मंजुरी दिली. म्हणजे लहान दुकानातल्या पोराला कायद्याचा आधार कमी, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या शहाणपणाचाच जास्त.

मग करायचे काय? मी रागाच्या भरात त्या पोरीला म्हणालो, "आम्ही तिथे पाऊलच टाकणार नाही." ती घाईने म्हणाली, "असं नका करू सर. दुकान चाललं तर माझं घर चालते. दुकान बंद नका पाडू, आम्हाले बसाले लावा."

हे वाक्य मी तुमच्यापुढे ठेवतो. दुकान बंद होण्याच्या वेळी खरेदीला जाऊ नये. उघडलेल्या कपड्याची घडी आपल्या हाताने घालावी. दिवाळीची खरेदी शेवटच्या दिवसावर टाकू नये. आणि बिल देताना तिथल्या साहेबाला सभ्यपणे विचारावे, "या मुलींना स्टूल का नाही?" एकाने विचारले तर तो हसेल. पन्नासांनी विचारले तर स्टूल येईल, कारण गिऱ्हाईक बोलतो तेव्हा दुकानदाराला ऐकावेच लागते. आपल्या मानोऱ्याच्या बाजारातही हाच प्रश्न विचारावा. तिथे उभा असलेला पोरगा तर आपल्याच गल्लीतला असतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. आपली मुले शहरात निघतात तेव्हा आपण पेढा खातो आणि आशीर्वाद देतो. त्याबरोबर चार गोष्टी त्यांच्या वहीत लिहून द्या. नेमणुकीचे पत्र मागावे. दर महिन्याची पगारचिठ्ठी जपावी. भविष्य निर्वाह निधी कापत असतील तर आपला बारा आकडी क्रमांक पाठ करावा. आणि ठेकेदार दाद देत नसेल तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी अर्ज करून पोच घ्यावी. गणिताच्या तासाला नफा-तोटा शिकवताना हेही एक उदाहरण घाला: शर्ट शंभर रुपयांनी स्वस्त झाला, तर ते शंभर रुपये कुणाच्या पदरातून गेले?

ती पोर यात्रा आटोपून दुसऱ्या दिवशी परत गेली. दिग्रसच्या गाडीला गर्दी होती. तिला जागा मिळाली नाही. मी खिडकीतून आत बसलेल्या एका ओळखीच्या माणसाला हाक मारली, "अरे भाऊ, जरा सरक. तिला तिथं गेल्यावर उभंच राहायचं आहे."

तो सरकला. काही विचारले नाही.

श्रोतेहो, आपणही एवढेच करायचे आहे. जरा सरकायचे आणि म्हणायचे, "या, बसा!"